सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी

एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना दरवर्षी एक क्षण असा येतो, की समोरच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतला रस ओसरलेला स्पष्ट दिसतो. हस्तलिखितांची कुळे, लेखनिकांचे हस्तदोष, प्रक्षिप्त ओव्या, तळटीपांतले पाठभेद हे सारे त्यांना वस्तुसंग्रहालयातल्या धूळ खाणाऱ्या वस्तूंसारखे वाटते. आणि त्यांचे फारसे चुकते असेही नाही, कारण आपण ते तसेच शिकवतो. गेली काही वर्षे या टप्प्यावर मी फळ्यावर ओवी न लिहिता संगणकाच्या आज्ञावलीतील एका ओळीची गोष्ट सांगते. सहकाऱ्यांना हे फारसे रुचत नाही. मराठीच्या तासाला संगणक कशाला, असा प्रश्न स्टाफरूममध्ये अधूनमधून येतो. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, म्हणून हा लेख.

गोष्ट २००६ सालची आहे. दोन संगणकांमधला संवाद परक्याला वाचता येऊ नये यासाठी ज्या गुप्त किल्ल्या लागतात, त्या घडवणारी 'ओपनएसएसएल' नावाची एक मुक्तस्रोत आज्ञावली आहे. मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि परवान्याच्या अटी पाळून बदललेली प्रत इतरांना देताही येते, अशी. 'डेबियन' हा स्वयंसेवकांनी चालवलेला दुसरा प्रकल्प अशा हजारो आज्ञावल्या एकत्र करून त्यांची एक नांदती प्रणाली लोकांच्या हाती देतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर ओपनएसएसएल हा मूळ ग्रंथ आणि डेबियनमधले ओपनएसएसएल ही त्याची एक प्रचलित प्रत. प्रत करणाऱ्याच्या हाती लेखणी असतेच, त्यामुळे वाटेत काही दुरुस्त करण्याचा प्रसंगही येतोच.

किल्लीचा आकडा कोणालाही अंदाजाने ओळखता येऊ नये, म्हणून ही आज्ञावली निरनिराळ्या ठिकाणांहून अनिश्चित असे काहीबाही गोळा करते आणि ते एका साठ्यात घुसळत राहते. डेबियनच्या प्रतीची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाला तपासणीच्या एका साधनाकडून इशारा मिळत होता, की स्मृतीचा असा भाग येथे वाचला जात आहे, ज्यात अजून कोणी काही लिहिलेलेच नाही. इशाऱ्याच्या मुळाशी असलेली ओळ संहितेत दोन ठिकाणी होती. दोन्हीकडे अक्षरशः तीच. त्याने मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारले, की या दोन ओळी काढल्या तर चालतील का. दोष शोधण्याच्या कामी मदत होणार असेल तर काढायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. त्याने दोन्ही ओळी निष्प्रभ केल्या. सप्टेंबर २००६ मध्ये ती प्रत वितरणात आली.

दोन्ही ठिकाणची ओळ एक असली तरी तिचे काम एक नव्हते. एके ठिकाणी ती साठ्यात जमेल तेवढी जास्तीची अनिश्चितता ढवळून घालत होती. तेथून ती गेली तरी काही बिघडले नसते. दुसऱ्या ठिकाणी मात्र बाहेरून आणलेले सारे बीज साठ्यात घालणारी तीच एक ओळ होती. ती गेल्यावर अनिश्चित म्हणून उरला तो केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि हा क्रमांक सामान्यतः ३२,७६८ च्या पुढे जात नाही. अब्जावधींच्या अब्जावधी किल्ल्यांतून एक निवडली जावी तेथे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या जेमतेम बत्तीस हजार किल्ल्या शक्य राहिल्या. एखाद्याने त्या बसल्या बैठकीला सगळ्या घडवून ठेवाव्यात आणि पुढे कोणाचेही कुलूप उघडावे, अशी ही स्थिती. १३ मे २००८ रोजी डेबियनने हे जाहीर केले, तेव्हा मधल्या वीस महिन्यांत डेबियनवर आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर अशा रीतीने घडलेल्या किल्ल्या टाकून नव्या घडवाव्या लागल्या.

ही गोष्ट संपली की वर्गात बहुधा कोणीतरी म्हणते, "मॅडम, म्हणजे त्या माणसाचा निष्काळजीपणा." येथे थांबून मी उलट विचारते, की त्याने काय करायचे राहिले? त्याने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले नाही, स्वतःच्या मनाने परस्पर बदल केला नाही, विचारले. त्याला होकार मिळाला. केलेला बदल त्याने लपवलाही नाही. राहिले ते एवढेच, की तो बदल मूळ ग्रंथात सामावून घ्यावा म्हणून, त्याच्या मागच्यापुढच्या मजकुरासह, त्या ग्रंथाच्या जाणकारांपुढे रीतसर ठेवला गेला नाही. प्रश्न सुटा विचारला गेला, उत्तरही सुटेच आले. ज्यांना दोन ठिकाणांमधला भेद कळला असता, त्यांनी तो बदल बदल म्हणून कधी वाचलाच नाही. प्रतीत दुरुस्ती झाली, मूळ प्रवाहाला ती भेटलीच नाही.

मुक्तस्रोत प्रकल्पाला बदल सादर करण्याची जी रीत आहे ती मुळात ही भेट घडवून आणण्यासाठी आहे, आणि माझ्या मते साहित्याच्या अभ्यासकाने ती एकदा तरी जवळून पाहावी. बदलाला तेथे 'पॅच' म्हणतात, शब्दशः ठिगळ. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये याच नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. जुनी प्रत आणि नवी प्रत यांतला फरक तेवढा एका धारिकेत लिहून पाठवायचा. गेलेल्या ओळीपुढे वजाचे चिन्ह, आलेल्या ओळीपुढे अधिकाचे, आणि बदलाच्या मागच्यापुढच्या सामान्यतः तीन-तीन ओळी जशाच्या तशा. या शेजारच्या ओळी केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नसतात. मधल्या काळात मूळ संहिता वरखाली सरकली असेल, ओळींचे क्रमांक बदलले असतील, तरी त्या शेजारच्या ओळींवरून ठिगळाला आपली जागा सापडते. संदर्भाशिवाय दुरुस्तीला जागाच नसते, हे आपण वर्गात तत्त्व म्हणून सांगतो; येथे ती यंत्राची गरज आहे. तीन ओळींचा संदर्भ पुरेसा असतोच असे मात्र नाही. डेबियनच्या त्या दोन ओळींचे खरे नाते दूरच्या, त्यांना हाक मारणाऱ्या मजकुराशी होते.

ठिगळाबरोबर एक टिपण द्यावे लागते. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामात या टिपणाचे नियम लेखी आहेत आणि ते एखाद्या जुन्या, कडक संपादकाने घालून दिल्यासारखे वाटतात. आधी अडचण काय होती ते सांगा. ती कोणाला, कशी जाणवत होती ते सांगा. मग काय केले ते साध्या भाषेत सांगा. एका ठिगळात एकच बदल असू द्या. दोन गोष्टी दुरुस्त केल्या असतील तर दोन ठिगळे पाठवा. आणि एक व्याकरणविषयक अपेक्षा, जी वाचून मी हरखले होते: टिपणातले वाक्य आज्ञार्थी असावे. 'या बदलाने अमुक होते' किंवा 'मी अमुक केले' असे न लिहिता 'अमुक कर' असे लिहावे; जणू आपण संहितेलाच बदलण्याची आज्ञा देत आहोत. आपल्याकडच्या प्रबंधांच्या प्रस्तावना आठवून पाहाव्यात. 'प्रस्तुत प्रकरणात करण्यात आलेला आहे' या छापाच्या कर्मणी धुक्यात कर्ता आणि कारण दोघेही दिसेनासे होतात.

कर्ता दिसावा याचीही व्यवस्था आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये कर्नलच्या कामासाठीच 'गिट' ही नोंदवही तयार केली. तीत प्रत्येक बदलापुढे दोन नावे असतात: बदल लिहिणाऱ्याचे आणि तो वहीत चढवणाऱ्याचे. शिवाय टिपणाच्या शेवटी बदल पाठवणारा आपल्या नावाची सही करतो. ही प्रथा २००४ मधली. त्याआधीच्या वर्षी एका कंपनीने लिनक्समध्ये आपली संहिता घुसवल्याचा दावा करून आयबीएमवर खटला भरला होता. तेव्हा कोणती ओळ कोठून आली हे दाखवता येणे ही निकडीची बाब ठरली. सहीचा अर्थ 'हा बदल बरोबर आहे' असा नाही. 'हा बदल देण्याचा मला अधिकार आहे' एवढीच ती ग्वाही. बरोबर असण्याची ग्वाही दुसऱ्याने द्यायची असते; ज्याने वाचले त्याचे नाव वेगळे, ज्याने चालवून पाहिले त्याचे वेगळे, दोष ज्याने प्रथम कळवला त्याचेही वेगळे. दहा वर्षांनी एखाद्याला एखादी ओळ खटकली तर ती ओळ शेवटची कोणी, केव्हा आणि का बदलली हे एका आज्ञेसरशी समोर येते. त्या आज्ञेचे नाव 'ब्लेम', म्हणजे दोष देणे. 'सबव्हर्जन' या गिटच्या आधीच्या नोंदवहीत त्याच आज्ञेला 'प्रेझ' असे पर्यायी नावही आहे. दोष द्या किंवा स्तुती करा, यादी तीच निघते.

आता आपल्या घरात येऊ. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी तशी नोंद केली. त्या नोंदीत वर्ष आहे, नाव आहे, कारण आहे: ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतराने तो बिघडला, म्हणून तो शोधला. पुढच्यांनी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही आहे. चारशे वर्षांपूर्वीचे इतके नेटके टिपण क्वचितच सापडेल. पण फरक नाही. नाथांनी काय काढले, काय ठेवले, कोणत्या ओवीपुढे वजा आणि कोणत्या ओवीपुढे अधिक, हे कळायला आपल्याला मार्ग नाही. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रकाशित केली, तेव्हा खरी ज्ञानेश्वरी कोणती हा वाद उभा राहिला. नाथांच्या अधिकाराविषयी किंवा हेतूविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नाही. अधिकार आणि हेतू असूनही फरकाची नोंद नसली तर पुढच्या वाचकाला पडताळा पाहता येत नाही, इतकेच माझे म्हणणे आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे. १९१९ मध्ये हाती घेतलेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी आदिपर्व संपादित करताना घालून दिलेली शिस्त विलक्षण आहे. जे मूळ संहितेत बसत नाही ते काढले, पण टाकले नाही. तारांकित करून तळाशी, नाहीतर परिशिष्टात ठेवले, कोणकोणत्या प्रतींत ते आढळते याच्या संकेतांसह. जेथे संपादकालाच खात्री नाही त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाने तळाकडे पाहावे आणि स्वतःची संहिता उभी करावी, इतके ते काम उघडे आहे. ज्या शहरात हे घडले, त्याच शहरात आज संगणकक्षेत्रातली शेकडो मुले रोज नोंदवहीत बदल चढवतात. त्यांतल्या किती जणांना सुखटणकर हे नाव ठाऊक असेल, आणि आपल्या किती विद्यार्थ्यांना त्या मुलांचे काम संपादनाच्या जवळचे आहे हे ठाऊक असेल, हा हिशेब न केलेलाच बरा.

कारण आपण ती शिस्त सोडून दिली आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर निघालेल्या जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांत अनुच्चारित अनुस्वार गेले, ऱ्हस्व-दीर्घ बदलले. बदलले ते योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. पण कोणत्या आवृत्तीपासून, कोणाच्या हातून, कोणत्या धोरणाने, हे सांगणारी चार ओळींची नोंद किती पुस्तकांत सापडते? मी अनेक वर्षे शिकवत आलेल्या एका कवितासंग्रहात एका कवितेतला एक शब्द पहिल्या आवृत्तीहून वेगळा आहे. वृत्त सांभाळले गेले आहे, अर्थ मात्र मवाळ झाला आहे. कवीने बदलला, मुद्रितशोधकाने, की अभ्यासक्रमासाठी निवड करणाऱ्या एखाद्या समितीने? मी पत्रे लिहिली. एक उत्तर आले, त्यात पत्राबद्दल आभार होते. परीक्षेत विद्यार्थी त्या शब्दावर उत्तर लिहितात आणि मी गुण देते.

येथे मुक्तस्रोताची आरती ओवाळली जात आहे असे वाटायला नको. त्या जगातही वाचणारे थोडे आणि लिहिणारे फार, ही आपल्याच नियतकालिकांची व्यथा आहे. २०११ च्या अखेरीस ओपनएसएसएलमध्येच एक नवी सोय करणारा बदल स्वीकारला गेला. तो तपासला गेला होता. तरी समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, हे पाहण्याची राहून गेलेली गोष्ट तपासणाऱ्यालाही दिसली नाही. 'हार्टब्लीड' या नावाने ती २०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झाली, तेव्हा एवढा मोठा डोलारा किती थोड्या माणसांच्या वाचनावर उभा होता हे लोकांना कळले. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्याशा आज्ञावलीत याहून विदारक प्रकार झाला. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षे चांगले, उपयोगी बदल पाठवले, एकट्याने काम ओढणाऱ्या थकलेल्या देखभालकाचा विश्वास मिळवला, चढवण्याचा अधिकार मिळवला आणि मग चोरवाट पेरली. ती पकडली गेली, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामात अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि त्याने तो सोडून दिला नाही. आणि तपासणीची भाषा? तेथे अपमानाची परंपरा होती. खुद्द टॉरवाल्ड्स यांनी २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली. अर्थात आपल्या चर्चासत्रांत अपमान होत नाही, कारण तेथे कोणी कोणाचा निबंध इतक्या बारकाईने वाचून आलेलेच नसते.

तरीही मी त्या रीतीच्या बाजूने का बोलते, हे सांगताना मला स्वतःच्या फजितीकडे यावे लागेल. मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका मुक्त शब्दसूचीत काही चुका दिसल्या, म्हणून एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीने मी पहिल्यांदा बदल पाठवायला बसले. त्यातली एक दुरुस्ती मला निर्विवाद वाटत होती. 'दऱ्या' हा शब्द सूचीत दोनदा आला होता. पुनरुक्ती उघड होती. एक ओळ काढली, टिपणात आज्ञार्थी लिहिले, 'दुबार शब्द काढून टाक', आणि पाठवून दिले. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या बाईंचे ठिगळ, त्यात काय तपासायचे, असा काहीसा भाव मनात होता हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याचे उत्तर आले. तो कोण, कोठला, मला आजही माहीत नाही. त्याने लिहिले होते, की हे दोन शब्द पडद्यावर एकसारखे दिसत असले तरी त्यांची घडण एक नाही. 'ऱ्या' मधला तो आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. काही कळफलक पहिला प्रकार उमटवतात, काही दुसरा. मी काढलेली ओळ स्वीकारली तर एका प्रकारे लिहिणाऱ्या सगळ्यांच्या 'दऱ्या'खाली लाल रेघ येईल. शेवटी प्रश्न होता: "दोन ओळींतला फरक तुम्ही तपासून पाहिला होता का?"

नव्हता. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींची गोष्ट वर्गात इतकी वर्षे सांगूनही नव्हता. त्या सूचीवर माझा बदल सरळ चढवण्याचा अधिकार मला असता, तर माझ्या पदव्यांच्या जोरावर तो चढला असता. हे उत्तर वाचताना आधी राग आला, मग लाज वाटली. नंतर लक्षात आले, की माझ्या लिखाणातील एकच ओळ कोणीतरी इतकी नीट वाचल्याला फार वर्षे झाली होती.

मी ते ठिगळ मागे घेतले. मग विद्यार्थ्याने सुचवले, की दोन्ही घडणी समान मानणारा एक नियमच सूचीला जोडावा, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा लिहायला नको. या वेळी टिपण लिहायला मला एक रविवार लागला. ते अद्याप स्वीकारले गेलेले नाही. तपासणाऱ्याने विचारले आहे, की साधा रफार आणि हा आडवा र यांनी अर्थ पालटतो अशा शब्दांच्या जोड्या आधी जमवा, म्हणजे नियम लावल्यावर त्या एकमेकींत मिसळत नाहीत ना, हे पाहता येईल. मी तो वर्गाला गृहपाठ म्हणून दिला आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्यांच्या पुढे आमची यादी अजून फारशी सरकलेली नाही.